सोळा विरुद्ध आठशे: महायुद्धानंतर ब्रिटनच्या उमराव सभेनं कायदे कसे होऊ दिले

भारताच्या स्वातंत्र्याचं विधेयक ब्रिटिश संसदेत मांडलं गेलं ४ जुलै १९४७ ला. १५ जुलैला ते हाउस ऑफ कॉमन्समधून बाहेर पडलं, १६ जुलैला हाउस ऑफ लॉर्ड्सनं एकही दुरुस्ती न करता ते मंजूर केलं आणि १८ तारखेला राजाची संमती मिळून त्याचा कायदा झाला. वीस कलमं, तीन परिशिष्टं, चौदा दिवस. आपल्याकडं सातबाऱ्यावर वारसाचं नाव चढायला याहून जास्त दिवस लागतात.

या चौदा दिवसांतला कोड्यात टाकणारा दिवस १६ जुलैचा. हाउस ऑफ लॉर्ड्स म्हणजे उमराव सभा, ब्रिटिश संसदेचं वरिष्ठ सभागृह. तिथं तेव्हा बसत होते पिढीजात जमीनदार, बिशप, निवृत्त सेनापती आणि हिंदुस्थानात व्हाइसरॉय नाहीतर गव्हर्नर म्हणून राज्य करून परतलेली मंडळी. बहुतेकांची निष्ठा विन्स्टन चर्चिल यांच्या हुजूर पक्षाशी. विधेयक आणलेलं मजूर पक्षाच्या सरकारनं. आणि त्या वेळच्या कायद्यानुसार या उमरावांना कुठलंही सर्वसाधारण विधेयक तब्बल दोन वर्षं अडवून धरता येत होतं. त्यांनी मनावर घेतलं असतं तर १५ ऑगस्टचं गणित कागदोपत्री तरी १९४९ पर्यंत लांबलं असतं. मग त्यांनी ते का केलं नाही?

उत्तरासाठी दोन वर्षं मागं जावं लागतं.

जुलै १९४५ मध्ये ब्रिटनमध्ये निवडणूक झाली. निकाल २६ जुलैला लागला आणि युद्ध जिंकून देणारे चर्चिल हरले. क्लेमंट अ‍ॅटली यांच्या मजूर पक्षाला कॉमन्सच्या ६४० पैकी ३९३ जागा मिळाल्या. जाहीरनाम्यात त्यांनी मोठमोठी आश्वासनं दिली होती: कोळसा खाणी, रेल्वे, वीज, गॅस, पोलाद हे सगळं सरकारी मालकीचं करायचं, सगळ्यांना मोफत दवाखाना, सगळ्यांना विमा. लोकांनी भरभरून मतं दिली. पण कायदा व्हायला दोन्ही सभागृहं लागतात, आणि वरच्या सभागृहाला लोकांच्या मतांशी काही देणंघेणं नव्हतं. तिथं एकूण ८३१ लॉर्ड, त्यांत मजूर पक्षाचे सोळा. एका मिनीबसमध्ये मावतील इतके.

सरपंचाकडं गावाचं बहुमत आहे, पण ठरावावर सही करायला वाड्यावरचे आठशे भाऊबंद लागतात, आणि त्या भाऊबंदांना कुणी निवडून दिलेलं नाही, हटवताही येत नाही, असं काहीसं ते चित्र होतं.

या उमरावांचे दात आधी एकदा पाडले गेले होते, हेही सांगायला हवं. १९०९ मध्ये अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी श्रीमंतांवर आणि जमिनीवर कर बसवणारा अर्थसंकल्प आणला. लॉर्ड्सनं तो ३५० विरुद्ध ७५ मतांनी फेटाळला. अर्थसंकल्प वरच्या सभागृहानं फेटाळू नये हा जुना संकेत होता, तो मोडला. १९१० या एका वर्षात दोन निवडणुका झाल्या, पंतप्रधानांनी राजाकडून शब्द घेतला की गरज पडली तर शेकडो नवे लॉर्ड नेमून बहुमत फिरवू, आणि या धाकाखाली ऑगस्ट १९११ मध्ये लॉर्ड्सनं स्वतःचेच अधिकार कापणारा पार्लमेंट अ‍ॅक्ट १३१ विरुद्ध ११४ मतांनी मंजूर केला. त्यात दोन मुख्य गोष्टी होत्या. धन विधेयक, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाचं विधेयक, लॉर्ड्सनं एका महिन्यात मंजूर केलं नाही तर ते त्यांच्याशिवाय कायदा होईल. आणि बाकीचं विधेयक कॉमन्सनं सलग तीन अधिवेशनांत मंजूर केलं, मध्ये दोन वर्षं गेली, तर तेही लॉर्ड्सच्या नकाराला न जुमानता कायदा होईल. अपवाद एक ठेवला: संसदेनं स्वतःची मुदत पाच वर्षांच्या पुढं वाढवायची म्हटली तर तिथं लॉर्ड्सचा नकार शेवटचा.

आपल्या राज्यघटनेत याच कल्पनेचं भारतीय रूप दिसतं. राज्यसभेला धन विधेयकासाठी चौदा दिवस मिळतात. महाराष्ट्राची विधान परिषद साधं विधेयक पहिल्यांदा तीन महिने आणि विधानसभेनं पुन्हा पाठवलं तर एक महिना रोखू शकते, बस्स. म्हणजे वरिष्ठ सभागृहाच्या हातात खरी चीज काय, तर नकार नव्हे, वेळ. पुढची सगळी गोष्ट या वेळेच्या भांडणाची आहे.

१९४५ कडं परत येऊ. लॉर्ड्समध्ये सरकारची बाजू सांभाळायला अ‍ॅटली यांनी ७६ वर्षांचे व्हायकाउंट अ‍ॅडिसन निवडले. हे मूळचे डॉक्टर आणि शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला पोटावर काल्पनिक रेषा आखून ‘ट्रान्सपायलोरिक प्लेन’ शिकवतात, ती रेषा याच अ‍ॅडिसन यांची. समोर विरोधी बाकांवर हुजूर पक्षाचे नेते व्हायकाउंट क्रॅनबोर्न, जे वडिलांच्या निधनानंतर १९४७ मध्ये पाचवे मार्क्वेस ऑफ सॉल्सबरी झाले. दोघांचं एकमेकांशी चांगलं जमायचं, आणि माझ्या मते युद्धोत्तर ब्रिटनचा अर्धा कारभार या जमण्यावर चालला.

१६ ऑगस्ट १९४५, जपानच्या शरणागतीच्या दुसऱ्या दिवशी, राजाच्या भाषणावरच्या चर्चेत क्रॅनबोर्न यांनी आपल्या पक्षाची भूमिका मांडली. तिचा मथितार्थ असा: आमची वैयक्तिक मतं काहीही असोत, हे प्रस्ताव निवडणुकीत लोकांसमोर स्पष्ट मांडले गेले होते, लोकांनी ते माहीत असताना मजूर पक्षाला निवडून दिलं, तेव्हा त्याच प्रस्तावांना या सभागृहानं विरोध करणं घटनेच्या दृष्टीनं चुकीचं ठरेल. यालाच पुढं सॉल्सबरी संकेत म्हणू लागले. कायदा नव्हे, संकेत. कुठं लिहिलेला नाही, मोडला तर कुणी कोर्टात खेचणार नाही. घरात थोरल्या सुनेनं ‘देवघराचं तुम्ही बघा, स्वयंपाकघराचं मी बघते’ असं एकदा म्हणून टाकावं आणि पुढं ते पिढ्यान्‌पिढ्या चालावं, त्यातला प्रकार.

यात एक गंमत आहे. क्रॅनबोर्न यांचे आजोबा, तिसरे सॉल्सबरी, हे ब्रिटनचे पंतप्रधान होते आणि त्यांचाही याच विषयावर सिद्धान्त होता, पण उलट्या बाजूनं. त्यांचं म्हणणं असं की ज्या विषयावर लोकांना विचारलेलंच नाही त्यावरचं विधेयक लॉर्ड्सनं अडवावं आणि सरकारला लोकांकडं जायला भाग पाडावं. नातवानं आजोबांचंच वाक्य उलट दिशेनं वाचलं: लोकांना विचारून झालं असेल तर मग आपण मध्ये येऊ नये. यात उदारपणा होता तसा धूर्तपणाही. सरळ भिडलो तर मजूर पक्ष हे सभागृहच मोडीत काढेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता विधेयक या सभागृहातून प्रत्यक्ष कसं जायचं ते बघू. पहिलं वाचन नावापुरतं, चर्चा नाही. दुसऱ्या वाचनात तत्त्वाची चर्चा: हा कायदा हवा की नको. सॉल्सबरी संकेताचा अर्थ इतकाच की जाहीरनाम्यातल्या विधेयकाला इथं अडवायचं नाही. मग समितीचा टप्पा, पण समिती म्हणजे खोलीत बसलेले दहा जण नव्हेत, पूर्ण सभागृहच समिती बनतं आणि कलमागून कलम तपासतं. त्यानंतर अहवालाचा टप्पा, मग तिसरं वाचन. इथं मतदान करताना ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणत नाहीत, ‘संतुष्ट’ आणि ‘असंतुष्ट’ म्हणतात. अध्यक्षस्थानी लॉर्ड चॅन्सेलर लोकरीनं भरलेल्या एका लाल बैठकीवर बसायचे, पण त्यांना कुणाला गप्प बसवण्याचा अधिकार नव्हता. बोलणारा त्यांना उद्देशून बोलतच नाही, तो ‘माय लॉर्ड्‌स’ म्हणून सगळ्या सभागृहाशी बोलतो. दुरुस्त्या झाल्या की विधेयक परत कॉमन्सकडं. कॉमन्सला पटल्या तर ठीक, नाहीतर विधेयक दोन सभागृहांमध्ये टेबल टेनिसच्या चेंडूसारखं इकडून तिकडं जात राहतं, आणि याला तिथं सगळे ‘पिंगपाँग’च म्हणतात. एक बाजू दमली की राजाची संमती, तीही जुन्या नॉर्मन फ्रेंचमध्ये: राजाची तशी इच्छा आहे.

हे सगळं त्या वर्षांत त्यांच्या मूळ दालनात होतही नव्हतं. मे १९४१ मध्ये जर्मन बॉम्बनी कॉमन्सचं सभागृह उद्ध्वस्त झालं. खासदारांना लॉर्ड्सचं दालन देण्यात आलं आणि उमराव मंडळी सरकली राजाच्या पोशाखघरात, म्हणजे संसदेच्या उद्घाटनाआधी राजा जिथं झगा आणि मुकुट चढवतो त्या खोलीत. कॉमन्सचं नवं सभागृह ऑक्टोबर १९५० मध्ये उघडलं, तोवर बिऱ्हाड असंच राहिलं. भारताचं विधेयकही त्याच पोशाखघरात चर्चिलं गेलं.

या खोलीतून बाहेर पडलेल्या कायद्यांकडं नुसती नजर टाकली तरी दमायला होतं. बँक ऑफ इंग्लंडचं राष्ट्रीयीकरण १९४६, कोळसा १९४६, राष्ट्रीय विमा १९४६, राष्ट्रीय आरोग्य सेवा १९४६, वाहतूक १९४७, वीज १९४७, नगररचना १९४७, गॅस १९४८. यातलं एकही विधेयक लॉर्ड्सनं दुसऱ्या वाचनात पाडलं नाही. म्हणून ते नुसते मान डोलावत बसले असं मात्र नाही. १९४७ मध्ये वाहतूक आणि नगररचना ही दोन अजस्र विधेयकं वेळेत उरकावीत म्हणून सरकारनं कॉमन्सच्या स्थायी समितीत गिलोटिन लावलं. ठरलेली वेळ झाली की चर्चा बंद, उरलेली कलमं न वाचता मंजूर. समितीच्या कामकाजाला असं गिलोटिन पहिल्यांदाच लागलं. लॉर्ड्समध्ये गिलोटिन नाही. त्यामुळं खालच्या सभागृहात ज्या कलमांवर कुणी तोंडही उघडलं नव्हतं ती कलमं इथं पहिल्यांदा वाचली गेली, आणि भरपाई, अपिलाचे हक्क, शब्दांची मोडतोड अशा शेकडो जागी टाके घातले गेले. बऱ्याच दुरुस्त्या तर सरकारच स्वतःहून इथं आणत होतं, कारण घाईत राहिलेल्या चुका दुरुस्त करायची हीच शेवटची जागा. वरिष्ठ सभागृह कशाला हवं असं आपल्याकडंही अधूनमधून कुणी विचारतं. वरिष्ठ सभागृह निवडून आलेलं नसताना चांगलं काम करू शकतं, हे कबूल करणं माझ्यासारख्या लोकशाहीवाल्याला अवघड जातं, पण १९४७ च्या त्या महिन्यांत त्यांनी ते केलं.

भारताचा प्रश्न मात्र सॉल्सबरी संकेतात सरळ बसत नव्हता. सत्तांतराची तारीख काही मतदारांसमोर ठेवलेली नव्हती. अ‍ॅटली यांनी २० फेब्रुवारी १९४७ ला जाहीर केलं की जून १९४८ पर्यंत हिंदुस्थान सोडायचा. पाचच दिवसांत लॉर्ड्समध्ये लॉर्ड टेम्पलवूड यांनी निषेधाचा प्रस्ताव आणला. टेम्पलवूड म्हणजे पूर्वीचे सर सॅम्युअल होअर, भारतमंत्री असताना १९३५ चा भारत सरकार कायदा संसदेतून पार पाडणारे. त्यांचा मुद्दा वेळेचाच होता: तारीख ठरवून निघून जाणं म्हणजे अल्पसंख्याकांना आणि दिलेल्या वचनांना वाऱ्यावर सोडणं. सभागृहाचा कल त्यांच्या बाजूचा होता, आणि मत पडलं असतं तर सरकार हरलं असतं असंच बहुतेकांना वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी, २६ फेब्रुवारीला, लॉर्ड हॅलिफॅक्स उठले. हे आपल्या जास्त ओळखीचे आहेत ते लॉर्ड आयर्विन म्हणून. गांधी-आयर्विन करारातले आयर्विन, आणि सांगलीकरांना दर पावसाळ्यात बातम्यांत ऐकू येणाऱ्या ‘आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी’ मधलेही आयर्विन. हॅलिफॅक्स हुजूर पक्षाचे, माजी व्हाइसरॉय, माजी परराष्ट्रमंत्री. सरकारचा निर्णय बरोबर आहे असं त्यांनी म्हटलं नाही. त्यांनी म्हटलं ते एवढंच की याहून चांगला उपाय मला प्रामाणिकपणे आणि खात्रीनं सुचवता येत नसेल तर या उपायाचा निषेध करायला मी तयार नाही. भाषण संपलं तेव्हा वारं फिरलेलं होतं. टेम्पलवूड यांनी प्रस्ताव मागं घेतला. मतदान झालंच नाही.

या भाषणाला मी फार मोठं मानतो. भारतावर प्रेम म्हणून नव्हे, तर अडवता येत असताना, अडवायला मन तयार असताना, पर्याय नसेल तर अडवू नये हा हिशेब त्यांनी आपल्याच बाजूच्या लोकांसमोर उभं राहून मांडला म्हणून. जुलैमध्ये विधेयक आलं तेव्हा चाळीस वर्षांचे भारतमंत्री लॉर्ड लिस्टोवेल यांनी ते या सभागृहात मांडलं. ते शेवटचे भारतमंत्री. १६ जुलैला सॉल्सबरींसह अनेकांनी फाळणीबद्दल, संस्थानांबद्दल खंत बोलून दाखवली, पण खरी लढाई फेब्रुवारीतच मिटली होती.

पुढच्याच वर्षी लॉर्ड्सनं दाखवून दिलं की त्यांचे दात अजून शिल्लक आहेत. १४ एप्रिल १९४८ ला कॉमन्सनं फाशीची शिक्षा पाच वर्षं स्थगित ठेवण्याचं कलम मंजूर केलं, २४५ विरुद्ध २२२. ते आणणारे सिडनी सिल्व्हरमन मजूर पक्षाचेच, पण सरकारचा त्याला पाठिंबा नव्हता, मतदान ज्याच्या-त्याच्या सदसद्विवेकावर सोडलेलं. हे जाहीरनाम्यात नव्हतं आणि जनमतही फाशीच्या बाजूनं. म्हणजे सॉल्सबरी संकेताचा इथं संबंध नाही. २ जूनला लॉर्ड्सनं ते १८१ विरुद्ध २८ मतांनी फेटाळलं. सरकारनं मधला मार्ग काढणारं कलम आणलं, तेही फेटाळलं गेलं, शेवटी सरकारनं फाशीचा विषय सोडून बाकीचं विधेयक वाचवलं. फटक्यांची शिक्षा तेवढी रद्द झाली.

ती पाच वर्षं भरायच्या आत, ९ मार्च १९५० ला, टिमथी इव्हान्स नावाच्या तरुणाला लंडनमध्ये फाशी झाली. त्याच घरात राहणारा, त्याच्याविरुद्ध साक्ष देणारा माणूसच अनेक खून केलेला खुनी निघाला हे नंतर उघड झालं आणि १९६६ मध्ये इव्हान्सला मरणोत्तर माफी मिळाली. लोकांची बाजू घेतो म्हणून लॉर्ड्सनं नकार दिला होता, आणि लोक खरोखर त्यांच्या बाजूनं होतेही.

राहता राहिलं पोलाद. हे जाहीरनाम्यात होतं, पण १९४७ मध्ये मंत्रिमंडळातच त्यावर दोन तट पडले आणि विधेयक लांबलं. १९४८ च्या हिवाळ्यापूर्वी ते येणार नाही हे कळलं तेव्हा सरकारनं कॅलेंडर काढलं. संसदेची मुदत १९५० च्या मध्यापर्यंत. लॉर्ड्सनं दोन वर्षांचा हक्क वापरला तर पोलाद त्याआधी हाती लागत नाही. यावर उपाय म्हणून सरकारनं नवं पार्लमेंट विधेयक आणलं: दोन वर्षांचं एक वर्ष करायचं, तीन अधिवेशनांची दोन. लॉर्ड्स स्वतःचे अधिकार दुसऱ्यांदा कापून घ्यायला तयार होईनात. सर्वपक्षीय नेत्यांची बैठक बसली, वाटाघाटी अगदी जवळ आल्या आणि विलंब किती असावा यात तीन महिन्यांच्या फरकावर फिसकटल्या. तीन महिने! (लग्न मोडायला हुंड्याची शेवटची पाच हजारांची गोष्ट पुरावी तसं.)

मग सरकारनं १९११ चंच हत्यार उपसलं. लॉर्ड्सला डावलायला सलग तीन अधिवेशनं हवीत ना, मग एक अधिवेशन तयार करू. सप्टेंबर १९४८ मध्ये संसद मुद्दाम बोलावली, राजाकडून औपचारिक उद्घाटन करवून घेतलं, तेच विधेयक पुन्हा मंजूर केलं, लॉर्ड्सनं ते पुन्हा फेटाळलं आणि ऑक्टोबरमध्ये अधिवेशन गुंडाळलं. अवघ्या सहा आठवड्यांचं हे अधिवेशन केवळ मोजणीसाठी भरवलेलं. नोव्हेंबर १९४९ मध्ये दोन वर्षं पुरी झाली, लॉर्ड्सनं तिसऱ्यांदा नकार दिला आणि १६ डिसेंबर १९४९ ला त्यांच्या मंजुरीशिवाय, फक्त राजा आणि कॉमन्स यांच्या नावानं, तो कायदा झाला.

यातली खरी गंमत म्हणजे पोलादाच्या विधेयकाला एवढ्या तयारीची गरजच पडली नाही. सॉल्सबरींनी दिलेला शब्द पाळला, दुसऱ्या वाचनात ते पाडलं नाही. त्यांनी फक्त ताबा घेण्याची तारीख निवडणुकीच्या पुढं ढकलायची दुरुस्ती घातली. पिंगपाँग झालं, सरकारनं १ जानेवारी १९५१ च्या आधी ताबा न घेण्याचं मान्य केलं आणि नोव्हेंबर १९४९ मध्ये पोलाद कायदा झाला. फेब्रुवारी १९५० च्या निवडणुकीत मजूर पक्ष पाच जागांच्या बहुमतानं कसाबसा परतला, १५ फेब्रुवारी १९५१ ला कारखाने सरकारकडं आले, त्याच वर्षी चर्चिल सत्तेवर आले आणि १९५३ मध्ये पोलाद पुन्हा खासगी करण्याचा कायदा झाला. लॉर्ड्सनी मागितलेली ती वर्ष-दीड वर्षाची सवड पोलाद मालकांना पुरेशी फळली.

१९४९ च्या पार्लमेंट कायद्याची गाठ मात्र तशीच राहिली. १९११ चा कायदा वापरून १९११ चाच कायदा बदलता येतो का? भाडेकरूनं भाडेकरारातल्या अधिकारानं भाडेकरारच बदलावा, असं झालं का? कायद्याच्या विद्यार्थ्यांनी यावर पन्नास वर्षं वाद घातला, कोर्टात कुणी गेलं नाही. मग २००४ मध्ये कुत्र्यांच्या झुंडीनं कोल्ह्यांची शिकार करण्यावर बंदी आणणारा कायदा लॉर्ड्सना डावलून झाला, तो १९४९ च्याच जोरावर. शिकारीवाले कोर्टात गेले आणि म्हणाले की १९४९ चा कायदाच खोटा, म्हणून आमच्यावरची बंदीही खोटी. शेवटच्या अपिलाचं न्यायालय तेव्हा हाउस ऑफ लॉर्ड्सच होतं, म्हणजे त्यातले कायदेपंडित लॉर्ड. १३ ऑक्टोबर २००५ ला अशा नऊ लॉर्डांनी एकमतानं निकाल दिला: कायदा वैध आहे.